लालबागचा खडक आणि ब्रह्मदेवाचा दिवस

२०२३ साली माझा मुलगा दहावीत गेला आणि त्याच वर्षी एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांती बाहेर पडली. आधी प्रकरणाचं नाव ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असं होतं, नव्या पुस्तकात नुसती ‘आनुवंशिकता’ उरली. अभ्यासाचा भार हलका करायचा, असं कारण दिलं गेलं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्या करून त्याचा निषेध केला. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना हा विषय आजही शिकायला मिळतो. पण वाणिज्य किंवा कला शाखेला जाणारं मूल, सजीव कसे घडत आले हे शाळेत एकदाही न ऐकता मोठं होणार. मी बेंगळुरूच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मला हे फार लागलं.

रात्री जेवताना मी हे बोलून दाखवलं. माझ्या सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. मूळचे बेळगावचे, पीडब्ल्यूडीत इंजिनिअर होते, जन्म रस्ते आणि पूल बांधण्यात गेला. रोज सकाळी सोवळ्याने पूजा, संध्याकाळी ज्ञानेश्वरी. आप्पा म्हणाले, “काढलं तर काय बिघडलं? माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय?”

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत जवळजवळ हेच बोलले होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडून काढलं. त्यांतली एक, १९३४ साली सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेली इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस, आमच्याच शहरात आहे. मंत्र्याला निवेदनाने उत्तर देता येतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी मात्र समोर बसून बोलावं लागतं. त्या रात्रीपासून आमच्या घरात हा वाद सुरू झाला. तो बरेच महिने चालला आणि मुलगा तो रोज ऐकत होता.

आप्पांचा मुख्य मुद्दा आकड्याचा होता. “ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. तुमचं विज्ञान पृथ्वीचं वय ४५४ कोटी सांगतं. एवढं जवळचं उत्तर आपल्या ऋषींना काय उगीच सापडलं?” हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला आहे. ऐकणाऱ्याला तो पटतोही, कारण दोन्ही आकडे खरोखरच जवळचे दिसतात. मी म्हटलं, “आप्पा, उद्या सकाळी लालबागला चला.”

मुंबईकरांना लालबाग म्हटलं की गणपती आठवतो. बेंगळुरूच्या लालबागेत मात्र एक उघडा, प्रचंड कातळ आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडाचा बुरूज आहे. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. कुणी प्राणायाम करतं, मुलं उतारावरून धावतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवला आहे आणि तशी पाटीही तिथे लावली आहे. ‘पेनिन्सुलर नाइस’ हे या खडकाचं नाव, वय सुमारे ३०० कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर अवघा साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या कातळापुढे कालचं पोर.

आप्पांना मी खाली बसून बघायला सांगितलं. नीट पाहिलं की त्या करड्या दगडात पट्टे दिसतात. एक फिकट, गुलाबीसर, एक काळपट, पुन्हा फिकट. काही ठिकाणी ते नागमोडी वळले आहेत, काही ठिकाणी एकमेकांत शिरले आहेत. जमिनीत खोलवर प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत खडक मऊ होऊन दुमडला, त्याच्या या खुणा आहेत. आप्पांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. जन्मभर दगडाशी संबंध आलेला माणूस, हात लगेच ओळखतो.

“पण वय कसं काढतात?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं: अशा खडकात झिरकॉनचे बारीक कण असतात. हा स्फटिक घडताना थोडं युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. पुढे त्या युरेनियमचं अगदी ठरलेल्या गतीने शिशात रूपांतर होत राहतं. युरेनियम-२३८ निम्मं उरायला ४४७ कोटी वर्षं लागतात. आता कणात शिसं किती आणि युरेनियम किती हे मोजलं की कण केव्हा घडला ते कळतं. खडक तयार होताना कुणी पाहिला नाही, पण त्याने आपला हिशेब आत जपून ठेवला आहे.

घरी आल्यावर आप्पांनी देवघरातलं पंचांग काढलं आणि लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटावर पेन्सिलीने गणित मांडलं. पूजेच्या संकल्पात आपण रोज काळाचा पत्ता सांगतो: श्वेतवाराह कल्प, त्यातलं सातवं वैवस्वत मन्वंतर, त्यातलं अठ्ठाविसावं महायुग, त्यातलं कलियुग. म्हणजे ब्रह्मदेवाच्या आजच्या दिवसातला किती वेळ सरला ते काढता येतं. एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचं, एका मन्वंतरात अशी ७१. सहा मन्वंतरं संपली, त्यांची १८४ कोटी ३ लाख २० हजार वर्षं. मन्वंतरांच्या आधी येणारे सात संधिकाल, १ कोटी २० लाख ९६ हजार. सत्तावीस महायुगं, ११ कोटी ६६ लाख ४० हजार. चालू महायुगातली कृत, त्रेता आणि द्वापर ही तीन युगं, ३८ लाख ८८ हजार. बेरीज १९७ कोटी २९ लाख ४४ हजार, वर कलियुगाची पाचेक हजार.

आप्पांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. मग चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे दिवस सुरू होऊन १९७ कोटी वर्षं झाली, आणि तो खडक ३०० कोटींचा. कल्पाच्या आधी तर प्रलय. मग तो खडक आला कुठून?”

मी काही बोलले नाही. हे गणित त्यांनी स्वतः केलं होतं. ४३२ कोटी ही ब्रह्मदेवाच्या पूर्ण दिवसाची लांबी, आजवर सरलेला काळ नव्हे. पृथ्वीच्या वयाशी तिची तुलना करायची तर सरलेला काळच धरायला हवा, आणि तो धरला की जुळणी तुटते. खरं म्हणजे या आकड्यांवर आपल्याकडेही एकमत नव्हतं. आर्यभटाने मन्वंतरात ७२ युगं धरली आणि कल्प १००८ युगांचा केला. स्मृतींशी फारकत घेतली म्हणून ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर टीका केली. वाद घालणं ही आपल्या परंपरेतलीच गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पा आपणहून म्हणाले, “पुलाचा खांब उभा करताना मी खडक लागेपर्यंत खणायला लावायचो. कागदावर काहीही असू दे, खडक लागला तरच पुढचं काम. आकडा माणसाने बसवला, देवाने नव्हे. तो चुकला तर माणूस चुकला.” त्यांची पूजा त्या सकाळीही झाली, संकल्पासकट.

उत्क्रांतीचं उत्तर त्यांना पुस्तकातून मिळालं नाही, स्वतःच्या आजारपणात मिळालं. लघवीचा संसर्ग झाला, पूर्वी लागू पडलेली गोळी यावेळी लागू पडेना. डॉक्टरांनी कल्चर करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये औषधांची यादी होती आणि प्रत्येकासमोर एक अक्षर, ‘एस’ किंवा ‘आर’. ‘एस’ म्हणजे जिवाणू या औषधाने मरतात, ‘आर’ म्हणजे मरत नाहीत. नातवाने आजोबांना समजावलं: लाखो जिवाणूंमध्ये थोडेफार वेगळे असतातच, औषधाने बाकीचे मेले, ते वेगळे वाचले आणि त्यांचीच प्रजा वाढली. निवड झाली, पिढ्या बदलल्या, वंश बदलला. आप्पा बराच वेळ तो कागद बघत होते. “हे तर माझ्या अंगातच चाललंय,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली, आणि तो त्यांचा हक्कच होता. “तुझा महास्फोट कुणी पाहिला? आणि त्याच्या आधी काय होतं?” विश्व प्रसरण पावतं आहे ही कल्पना १९२७ साली मांडणारा जॉर्ज लेमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता, हे सांगितल्यावर त्यांना नवल वाटलं. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने या सिद्धांतात ईश्वराच्या निर्मितीचा आधार शोधला, तेव्हा लेमेत्रलाच ते रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्याला श्रद्धेचा टेकू करू नये, अशी त्याची भूमिका होती. १९६५ मध्ये आकाशात सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि महास्फोटाची बाजू भक्कम झाली. आज विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं मानतात. तरीही आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर हा सिद्धांत मान्य न करता शेवटपर्यंत पर्याय मांडत राहिले. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर वेगळं प्रारूप मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, पण त्यांना कुणी पाखंडी म्हणून वाळीत टाकलं नाही. वाद निरीक्षणांवर झाला.

“आणि आधी काय होतं?” आप्पांनी प्रश्न सोडला नाही. मी म्हटलं, ते आज कुणालाच ठाऊक नाही. “मग तिथे देव आहे म्हणायला काय हरकत?” मी म्हटलं, “हरकत काही नाही, पण उद्या तिथे उत्तर सापडलं तर देवाला जागा खाली करावी लागेल.” आप्पा ताडकन म्हणाले, “माझ्या देवाला भाडेकरू नको करू. ऋग्वेदातलं नासदीय सूक्तसुद्धा शेवटी शंकाच ठेवून थांबतं. मीही तसंच करतो.” इतक्या वादांनंतर हे एक वाक्य मला पूर्णपणे पटलं.

बेंगळुरूत हा वाद जिवंत ठेवणाऱ्या आणखी जागा आहेत. गवीपुरमच्या गवी गंगाधरेश्वर गुहामंदिरात मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी सूर्याची किरणं नंदीच्या शिंगांमधून शिवलिंगावर पडतात. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पण या शहरातल्या अभ्यासकांनी मोजमाप करून दाखवलं आहे की हे वर्षातून दोनदा घडतं, जानेवारीच्या मध्याला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस. २१-२२ डिसेंबरच्या आधी आणि नंतर सारख्याच दिवसांच्या अंतरावर सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो, त्यामुळे तसं होतं. आम्ही नोव्हेंबरअखेर गेलो. दर्शनाला मोजकी माणसं होती. ऊन हळूहळू आत सरकलं आणि आप्पांनी हात जोडले. बाहेर आल्यावर कारण माझ्या मुलाला त्यांनीच समजावून सांगितलं, सूर्याच्या दक्षिणायन-उत्तरायणाची आकृती बोटाने हवेत काढून. कारण कळल्याने त्यांचा नमस्कार उणा झाला नाही.

रामन रिसर्च इन्स्टिट्यूटची कथा मी त्या दोघांना तिथून परतताना सांगितली. २०१८ मध्ये एका परदेशी गटाने विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या काळातला संकेत सापडल्याचा दावा केला. इथल्या शास्त्रज्ञांनी ‘सारस’ नावाची दुर्बीण तराफ्यावर बसवून कर्नाटकातल्या तलावात आणि शरावतीच्या जलाशयात तरंगत ठेवली, आणि २०२२ मध्ये दाखवून दिलं की त्या तऱ्हेचा संकेत त्यांच्या नोंदींत नाही. विश्वाच्या आरंभाबद्दलचा मोठा दावा इतक्या शांतपणे तपासला गेला.

सगळीकडे असं शांतपणे होत नाही. बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी १९७६ मध्ये चमत्कारांची तपासणी करायला समिती नेमली, तेव्हा त्यांना मोठा विरोध झाला. विशेष म्हणजे, त्याच वर्षी घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. महाराष्ट्रात अभिनेते डॉ. श्रीराम लागू ‘देव नाही’ असं उघड म्हणत, आणि त्याच व्यासपीठावर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगत की आमचा लढा देवाशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे. मतभेद असूनही दोघं गावोगाव एकत्र फिरले. दाभोलकरांचा २०१३ मध्ये पुण्यात खून झाला, कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गींचा २०१५ मध्ये धारवाडला, पत्रकार गौरी लंकेश यांचा २०१७ मध्ये बेंगळुरूत. म्हणून घरातल्या जेवणावर चालणाऱ्या वादाला मी क्षुल्लक मानत नाही. वाद घालायची सवय तिथेच लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे. देव मानणं न मानणं ज्याचं त्याने ठरवावं. पण खडकाचं वय, जिवाणूंचं बदलणं, सजीवांचा वंश या गोष्टी मताच्या नाहीत. त्या तपासता येतात, म्हणून तपासल्याच पाहिजेत आणि मुलांना शिकवल्याच पाहिजेत. तुमच्या घरीही हा वाद निघेल. तो टाळू नका, मुलांना उठवून लावू नका आणि थोरांचा मान सोडू नका. फक्त दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारा: काय दिसलं तर तुम्ही आपलं म्हणणं सोडाल? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे.