गिरण्यांच्या गावाचा श्वास

सोलापूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला चादर आठवते, भाविकाला श्रीसिद्धेश्वर. येथे वैद्यकी करणाऱ्या मला मात्र आधी आठवतो गिरणीचा भोंगा. एके काळी घराघरांतले घड्याळ तोच होता.

येथील पहिली कापड गिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या आणि मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी कुटुंबे त्यांच्या आसऱ्याने वसली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भोंगे एकेक करून थांबले. जर्मनीतील बोट्रॉप या शहरानेही असाच निरोप अनुभवला. त्या देशातील दगडी कोळशाची शेवटची खाण तेथे २०१८ मध्ये बंद झाली. मात्र काम थांबले तरी कामाची धूळ शरीरात मागे उरते, हे दोन्ही गावांना ठाऊक आहे.

पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा धाप लागते म्हणून माझ्याकडे येत. घरचे म्हणत, “वय झाले.” मीही दोनदा तेवढ्यावरच औषध दिले. तिसऱ्या खेपेस ते सहज म्हणाले, “कापूस पिंजण्याच्या खात्यात होतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळून यायची.” मी ओशाळलो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या विकाराची ही ओळखीची खूण. वर्षानुवर्षे ती धूळ श्वासात गेली, तर फुप्फुसांचे कायमचे नुकसान होऊ शकते. मागांच्या खडखडाटाने ऐकू येणेही कमी होते.

म्हणून आपल्या घरात जुने गिरणी कामगार असतील, तर त्यांचे खाते आणि कामाची वर्षे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. फुंकर मारून करावयाच्या श्वासचाचणीविषयी विचारा. श्रवणचाचणीही करून घ्या. विडी-सिगारेट सोडणे कोणत्याही वयात हिताचेच. विश्रांतीतही धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर क्षणभरही थांबू नका.

ते आजोबा आता औषधे नियमित घेतात. सकाळच्या गारव्यात, नातवाचा हात धरून, सिद्धेश्वर तलावाकाठी सावकाश फिरतात. दम लागला की थांबतात आणि पाण्यापलीकडच्या भुईकोट किल्ल्याकडे पाहत गिरणीच्या गोष्टी सांगतात. आपणही आपल्या वडीलधाऱ्यांना असे फिरायला न्या आणि त्यांच्या कामाविषयी आवर्जून विचारा. कित्येकदा निदानाची वाट तेथूनच सुरू होते.