वरची एक ओळ

मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा मेंटेनन्सची जाड वही कपाटात गेली होती आणि हिशेब गूगल शीटवर आला होता. शीट बनवलं होतं आमच्या खजिनदार काकांनी. काकांचा जन्म बँकेत गेला, त्यामुळे आकड्यांत बोट ठेवायला जागा नाही. फक्त त्यांनी वहीचं पान जसंच्या तसं पडद्यावर उतरवलं होतं. पहिल्या ओळीत सगळे सेल मर्ज करून सोसायटीचं नाव, खाली नोंदणी क्रमांक, मग पत्ता, मग आर्थिक वर्ष, आणि पाचव्या ओळीत खरे मथळे: फ्लॅट नंबर, नाव, सेवा शुल्क, पाणीपट्टी, पार्किंग, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, ना-वापर शुल्क, मागील बाकी, व्याज, एकूण.

ए विंग बघेपर्यंत सगळं ठीक. सी विंगपर्यंत खाली सरकलं की मथळे वर निघून जायचे आणि उरायचे नुसते आकडे. त्यातले काही अंदाजाने ओळखता येतात. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का, म्हणून आमच्याकडे दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट. पण ना-वापर शुल्क आणि व्याज? फ्लॅट भाड्याने दिला तर सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत ना-वापर शुल्क लागतं, आणि थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के सरळ व्याज. दोन्ही रकमा साधारण सारख्याच दिसतात.

सी विंगमधल्या एका वहिनींनी फ्लॅट भाड्याने दिलाय. त्यांचा फोन आला तो तापलेलाच. “मी दर महिन्याला वेळेवर भरते, मग मला व्याज कसलं लावलंत?”

“वहिनी, ते व्याज नाही, ना-वापर शुल्क आहे.”

“मग तसं लिहायला काय होतं?”

“लिहिलंय ना, वर.”

“वर कुठे? इथे काहीच नाही.”

वहिनींचं बरोबर होतं. वहीत प्रत्येक पानावर मथळे छापलेले असायचे, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. स्प्रेडशीटला मात्र तो जन्मापासून आहे. 1979 सालच्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटमध्येसुद्धा मथळे जागेवर धरून ठेवायची वेगळी आज्ञा होती, आणि तिथे तर ओळी होत्या फक्त 254.

इलाज सोपा. व्ह्यू मेनूत फ्रीझ, आणि हव्या त्या ओळीपर्यंत. नाहीतर डाव्या कोपऱ्यातली जाड करडी पट्टी माउसने धरून खाली ओढायची. मी पाचव्या ओळीपर्यंत ओढली. लॅपटॉपवर झकास दिसलं. फोनवर मात्र काकांच्या त्या ऐसपैस पाच ओळींनीच अर्धा पडदा खाल्ला, आणि फोन आडवा धरला तर आकड्यांना जागाच उरेना. आमचे बहुतेक सभासद हिशेब फोनवरच बघतात. शिवाय फ्रीझ हे ज्याचं त्याचं नसतं. फिल्टर व्ह्यू आपल्यापुरता ठेवता येतो, पण फ्रीझ शीटलाच चिकटतं आणि उघडेल त्या प्रत्येकाला तसंच दिसतं. फ्लॅट नंबरचा रकाना डावीकडे धरून ठेवू म्हटलं, तर शीट नकारच देऊ लागलं: मर्ज केलेल्या सेलचा अर्धाच भाग फ्रीझ होत नाही. म्हणजे अडचण त्या भव्य नावाचीच होती.

“नाव काढायचं?” काका म्हणाले. “मग हा कागद कुणाचा म्हणायचा?”

मला तो प्रश्न हसण्यावारी नेववला नाही. वार्षिक सभेला 30 सप्टेंबरच्या आत हाच कागद सगळ्यांच्या हातात जातो. मग छपाईची सेटिंग्ज उघडली. तिथे पानाच्या डोक्यावर हवा तो मजकूर टाकता येतो, आणि फ्रीझ केलेल्या ओळी प्रत्येक पानावर पुन्हा छापायची सोयही आहे. नाव आणि नोंदणी क्रमांक तिकडे गेले, पत्ता वेगळ्या टॅबवर, आणि शीटमध्ये मथळ्यांची एकच ओळ राहिली. नमुन्याची पानं हातात आल्यावर काकांनी प्रत्येक पानाचं डोकं तपासलं आणि म्हणाले, “आता वहीसारखं झालं.”

खरा वाद पुढे झाला. डावीकडे नंबराबरोबर नावही फ्रीझ करावं, असं माझं म्हणणं. समितीतल्या एकांना ते अजिबात पसंत नव्हतं. उजवीकडे मागील बाकीपर्यंत गेलं तरी माणसाचं नाव तिथेच चिकटलेलं राहणार, म्हणजे चावडीवर नाव लावल्यासारखं. कोणी म्हणालं, लागू द्या, भरतील तरी. मी दोन रकाने फोनवर धरून दाखवले. नावांची रुंदी एवढी की शेजारी जेमतेम एक आकडा मावत होता. ते बघून मीच माझी सूचना मागे घेतली आणि फक्त फ्लॅट नंबर फ्रीझ केला.

“पण मग बाकी कुणाची ते कसं कळणार?” नवीन आलेल्या एका सभासदाने विचारलं.

काकांनी चष्मा काढला. “या सोसायटीत राहा वर्षभर,” म्हणाले, “नंबरावरून सगळं कळायला लागेल.”