घना, राधा आणि फौजी संसार

२०१२ साली मी राजौरीत होतो. टीव्ही रूममध्ये आम्ही मराठी मोजकेच. बाकीच्यांना विनवून रात्री अर्धा तास झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' लावायचो. घना आणि राधा घरच्यांचा तगादा टाळायला कराराचं लग्न करतात, पुढे वेगळं व्हायचं आधीच ठरवून. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वेचे रुसवे-फुगवे बघून आम्ही खो खो हसायचो.

मनात मात्र यायचं, यांचं लग्न लटकं, पण घर एक. आमचं लग्न खरं, पण वार्षिक रजा साठ दिवसांची. बाकी संसार फोनवर. तिथे बाहेरचं प्रीपेड सिम चालत नसे, म्हणून बूथवर रांग. नंबर लागला की विषय तेच. कर्जाचा हप्ता, आईचं औषध, पोराची फी, मग भांडण. तेव्हा तर आठ दिवस अबोला होता.

नवव्या दिवशी तिनेच विचारलं, "कालचा भाग बघितला का हो?"

मी घनाची बाजू घेतली, तिने राधाची. कडाकडा भांडलो आणि दोघंही हसत सुटलो.

मित्रांनो, पगार घरी वेळेवर पोचतोच. नुसत्या गप्पांसाठीही कधी फोन लावत जा.