कोंड्यातलं स्टेरॉल

लाखांदूरच्या राईस मिलमधला ताजा कोंडा चिमटीत धरला की बोटं तेलकट होतात. त्या तेलात बीटा-सिटोस्टेरॉल असतं. कोलेस्टेरॉलचंच भावंड, शेपटीला दोन कार्बन जास्त, बस्स! एवढ्याशा फरकावर ते वेगळं काढायचं कसं? १९७२ मध्ये जर्मनीत ग्युंटर वुल्फ यांनी वाट दाखवली: हव्या त्या रेणूभोवतीच पॉलिमर घडवायचा, मग रेणू धुऊन काढायचा. मागे त्याच्याच मापाची पोकळी उरते. धुणं मात्र किचकट. चिकट रेणू आत थोडा अडकतोच आणि नंतर झिरपून मोजमाप बिघडवतो. त्यावर तोड म्हणून काहीजण हव्या रेणूशी मिळताजुळता तोतया रेणू साचा म्हणून घेतात. ही लबाडी मला फार आवडली. पण हे सगळं करायचं तर आधी कोंडा सांभाळावा लागतो: त्यातलं लायपेज हे विकर काही तासांतच तेल खवट करायला लागतं. म्हणून कोंडा वाफवायलाच हवा.