गंजलेला जोड

यंत्रे मोडतात कशी, ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती सुटी होईनाशी झाली म्हणजे काय होते, ह्याविषयी त्या मानाने फार थोडे. मोडलेली वस्तू निदान आपली अवस्था उघड सांगते. जाम झालेल्या वस्तूचे तसे नसते. ती वरून धडधाकट दिसते, पाना बसतो, जोर लागतो आणि काहीच घडत नाही. जोर वाढवावा तर काहीतरी तुटेल, न वाढवावा तर काम अडेल, अशा पेचात माणूस सापडतो.

रॉबर्ट पर्सिगने ह्या पेचाला तत्त्वज्ञानात जागा मिळवून दिली. त्याचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक १२१ प्रकाशकांनी नाकारल्यावर १९७४ साली निघाले आणि लाखांनी खपले. त्यात एका न निघणाऱ्या स्क्रूवर विस्ताराने विवेचन आहे. चार-दोन पैशांचा स्क्रू. पण तो निघत नाही तोवर त्याची किंमत अख्ख्या मोटरसायकलीएवढी होऊन बसते, असा त्या विवेचनाचा रोख. अडणे ही आपत्ती नसून खऱ्या आकलनाची सुरुवात आहे, असे पर्सिग सुचवतो. हे पुस्तक आम्ही विद्यार्थिदशेत वाचले, भारावून गेलो आणि वादविवादांत त्याचे दाखलेही दिले. त्या काळात आमच्या हाताने एकही नट सैल केला नव्हता, हा भाग वेगळा. त्याची कसोटी लागण्याचा प्रसंग आला तो २०२३ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या आमच्या घराच्या दारात.

आमच्याकडे १९९५ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, पापण्या उघडाव्यात तसे दिवे वर येणारी छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये इतक्या संख्येने दुसरी कोणतीही खपलेली नाही. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग तिचे निर्माते नेहमी वापरतात. तिच्या सायलेन्सरमधून निघणारा आवाज कसा असावा, ह्यावरसुद्धा त्यांनी मेहनत घेतली होती. आमच्या गाडीचा आवाज मात्र त्या वसंतात बिघडला. खालून फुरफुर ऐकू येऊ लागली आणि जोडाशी काजळी दिसू लागली.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी पार करावी लागते. ज्या मंत्रालयाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले ते मंत्रालय कधीच इतिहासजमा झाले. तपासणी १९६० पासून चालू आहे. गळका सायलेन्सर तिथे चालत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. एका गॅरेजने गाडी उचलून पाहिली आणि सांगितले की जोड जाम आहे, सगळे कापून नवे घालावे लागेल, खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल, तेव्हा भंगारात काढणे बरे. तपासणीला नऊ दिवस उरले होते.

त्याच सुमारास आमचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले होते. पुण्याजवळच्या दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, तिथे त्यांनी एकतीस वर्षे काढली. लग्नाला अठरा वर्षे झाली तरी आमचे आणि त्यांचे बोलणे हवापाणी, तब्येत आणि विमानाची वेळ ह्यांपलीकडे गेलेले नव्हते. त्यांनी मुलीला आग्रहाने शिकवले ते तिने ग्रीसच्या जवळपासही फिरकू नये म्हणून. जावई शोधला तोही पांढऱ्या कॉलरचा. घरात त्यांच्या कामाविषयी कोणी विचारत नसे आणि ते सांगत नसत. इंग्लंडमध्ये तर ते दिवसदिवस खिडकीशी बसून असत. गॅरेजचा निकाल ऐकून ते एवढेच म्हणाले, "जावईबापू, कापायला काय, कोणीही कापेल. आधी बघू तरी द्या."

दुसऱ्या दिवशी गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून घोड्यांवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, हा त्यांचा पहिला दंडक. त्यांनी बॅटरीच्या उजेडात बराच वेळ जोड न्याहाळला. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मागे सायलेन्सर, मध्ये दोन फ्लँज आणि त्यांना आवळणारे दोन स्टड. कन्व्हर्टर वाचवायचा होता. त्याच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. सायलेन्सर गेला तरी चालणार होता. स्टड तुटला तर मात्र छिद्रे पाडत बसावे लागणार आणि ते दारात उताणे पडून होणारे काम नव्हते.

हा जोड गंजतो कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण लिटरभर पाणीही तयार होते. गाडी लांब गेली तर ते वाफ होऊन निघून जाते. जवळच्या जवळ फिरली तर थंड नळीतच साचते. त्यात इथले हिवाळे. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून १८४४ पासून असे खनिज मीठ निघते आहे. खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. नट आणि स्टड ह्यांच्या आट्यांमध्ये असते ती केसाएवढी फट. तेवढ्यात हा फुगणारा गंज भरला की दोन वस्तूंची एक वस्तू होते. म्हणजे नट घट्ट आवळलेला नसतोच. तो आतून फुगून बसलेला असतो. हा फरक कळला की उपायही बदलतो. आवळलेल्याला जोर लागतो, फुगून बसलेल्याला वेळ.

अण्णांनी वेळ मागितला. तीन संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, मुरणारे तेल सोडायचे, हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्यायचे आणि निघून यायचे. दापोडीत कधी रॉकेल वापरत, असे ते सांगू लागले. मग कोणत्या बसचा कोणता नट कसा छळायचा हेही निघाले. लेक चहा घेऊन आली ती तिथेच पायरीवर बसून राहिली. हे तीही प्रथमच ऐकत होती.

चौथ्या दिवशी पाना लावला. नट मुळात चौदाचे, पण गंजाने झिजलेले. चौदाची गोटी गरगर फिरली असती. तेराची गोटी त्यांनी हातोडीने ठोकून बसवायला लावली, तीही सहा कोनांची, कारण बारा कोनांची गोटी कोपरे खाते. पान्याला लांब पाइप लावून जोर वाढवावा, असे आम्ही सुचवले. त्यांनी मान हलवली. पाइप लावला की नट काय म्हणतो ते हाताला कळत नाही. आधी किंचित आवळायचे, मग किंचित सोडायचे. किरकिर ऐकू आली तर चांगले. आवाज न होता पाना मऊ फिरू लागला तर तिथेच थांबायचे, कारण तेव्हा नट सुटत नसतो, स्टड पिळवटत असतो.

नट हलला नाही. मग ब्लोटॉर्च आला. पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते पाहून, ओले फडके आणि अग्निशामक जवळ ठेवून, नटच तेवढा तापवला. तापलेला नट मिलिमीटरच्या शंभरातल्या तीन-चार भागांइतका फुलतो. पण गंजाचे कवच तडकायला तेवढे पुरते. लाली ओसरल्यावर अण्णांनी मेणबत्ती मागितली. मेण नटाला टेकवताच वितळून आट्यांत ओढले गेले. पुढच्या प्रयत्नाला एक लांब, कर्कश किंकाळी उमटली आणि नट पाव फेरा फिरला. अण्णा हसले. त्यांना इतके मोकळे हसताना आम्ही पाहिले नव्हते.

दुसरा नट मात्र कशालाच बधला नाही. त्याला पट्टीच्या करवतीने बाजूने चीर पाडून मग छिन्नीने फोडायचे ठरले. चीर स्टडला समांतर हवी आणि आटे लागण्याच्या आधी थांबली पाहिजे. काम अण्णांचे, पण दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. त्यांनी करवत घेतली, क्षणभर तिच्या थरथरत्या पात्याकडे पाहिले आणि ती आमच्या हाती दिली. म्हणाले, "हात तुमचा, कान माझा."

ते आमच्या शेजारी, त्या गार फरशीवर, अंथरलेल्या जुन्या गालिचावर आडवे झाले. आम्ही कापत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते. "हळू." "आता सरळ." मग बराच वेळ काही नाही. आम्हाला करवतीच्या आवाजात काडीचाही फरक जाणवला नव्हता, आणि ते म्हणाले, "बस." छिन्नीच्या दुसऱ्या घावाला नट अक्रोडासारखा उकलला. आतले आटे जसेच्या तसे होते. उरले ते किरकोळ. रबरी हँगरांना साबणाचे पाणी लावले, सायलेन्सर दोन्ही हातांनी हलवून मागे ओढला, आणि तो धप्पकन गालिचावर आला.

पर्सिगशी आमचा जो मतभेद आहे तो ह्या जागी सुरू होतो. त्याच्या लेखी अडलेला माणूस एकटा असतो. स्क्रू समोर, मन आत, आणि सगळी घडामोड त्या दोहोंमध्ये. मन शांत असावे हे खरेच आहे, अण्णांचे होतेच. पण ते 'बस' त्यांच्या मनःशांतीतून आलेले नव्हते. ते दापोडीच्या एखाद्या मिस्त्रीकडून आले होते, ज्याने कधीतरी तरुण हेल्पराच्या हातातली करवत अशीच थांबवली असेल. कारागिरीचे ज्ञान अवजाराबरोबर हातातून हातात जाते. त्याला शेजारी आडवे होणारे दुसरे माणूस लागते. पर्सिगच्या पुस्तकात मागच्या सीटवर मुलगा बसलेला आहे, पण पाना त्याच्या हातात क्वचितच येतो. ही त्या थोर पुस्तकातली आम्हाला जाणवणारी सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

आपल्याकडची अडचण निराळी. त्रिं. ना. आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तेव्हा सुतार-लोहारांचे काम, त्यांचे हक्क आणि त्यांची अवजारे ह्यांची नोंद करावी असे एका सरकारी अधिकाऱ्याला वाटले. पुढे नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेत मानाने आणले. 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. तरीही कामगाराचे दुःख, त्याची भूक आणि त्याचा लढा जितका आपल्या साहित्यात आला, तितके त्याचे काम आले नाही, असे आम्हाला वाटते. गोटी, आटा, पाना, घोडी, छिन्नी हे शब्द मराठीच आहेत. पण ते ज्यांच्या तोंडी असतात ते लिहीत नाहीत, आणि जे लिहितात त्यांनी ते सोडवायची वस्तू म्हणून कधी हाती धरलेले नसतात. हात काळे न होणे हीच प्रगती, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. त्यामागे जात आहे, दारिद्र्य आहे, आणि मुलांना त्यातून सोडवण्याची न्याय्य धडपडही आहे. अण्णांनी मुलीला त्यातून बाहेर काढले ह्याला आम्ही नावे ठेवणार नाही; आमचे घर त्यावरच उभे आहे. पण त्या सुटकेची किंमत अशी की घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाला अठरा वर्षे विचारण्यासारखे कोणाकडे काही नव्हते.

गाडी तपासणीत उतरली. जुन्या बाजारातून आणलेला सायलेन्सर, नवे पॅकिंग आणि नवे नट एवढाच खर्च झाला. नट बसवण्यापूर्वी अण्णांनी दोन्ही स्टडना तांब्याचे ग्रीस चोपडायला लावले. उष्णतेने ते जळून जात नाही आणि गंजाला आट्यांत शिरू देत नाही. आम्ही घाईने एक बोट फिरवले, तर त्यांनी पुन्हा लावायला सांगितले, अगदी मुळापर्यंत.

"अण्णा, आता दहा वर्षे तरी हे कोण उघडणार आहे?" आम्ही विचारले.

"जो उघडेल तो," ते म्हणाले. "त्याने आपल्याला शिव्या देऊ नयेत."