टामालपाइसचा डोंगर आणि नातवाचीं पायडलें

पुण्यांत तीस वर्षें सायकलीवरून शाळेंत जाणाऱ्या मनुष्यास क्लिप ही वस्तु नवी नाहीं. पाटलोणीची कड साखळींत सांपडूं नये म्हणून घोट्याशीं बसवावयाची ती अर्धवर्तुळाकार पट्टी माझ्या टेबलाच्या खणांत अजून पडून आहे. म्हणून गेल्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत पुतण्याच्या घरीं मुक्कामास असतां त्याचा सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजोबा, मला डोंगरी सायकलीला क्लिपलेस पायडलें हवीं आहेत, पण आई नको म्हणते," तेव्हां मला मोठें नवल वाटलें. मुलगा आपण होऊन क्लिप टाकूं पाहतो आणि आई त्यास अडविते, हें कसें?

पुतण्यानें आपले जोडे पुढें केले तेव्हां माझा भ्रम फिटला. जोड्याच्या तळाशीं दोन स्क्रूंनीं घट्ट केलेला धातूचा एक लहानसा तुकडा असतो. त्यास क्लीट म्हणतात. पायडलावर स्प्रिंगचा खटका असतो. पाय दाबला कीं क्लीट खटक्यांत बसते; टांच बाहेरच्या बाजूस वळविली कीं सुटते. म्हणजे ज्यास क्लिप नाहीं असें म्हणावयाचें, त्यानेंच पाय सर्वांत घट्ट धरावयाचा! नांवाचा उलगडा असा कीं, पूर्वीं शर्यतीचे सायकलस्वार पायडलावर बोटांपुढें एक पिंजरा व चामडी पट्टा लावीत. त्यास टो-क्लिप म्हणत. १९८४ सालीं लुक या फ्रेंच कंपनीनें स्कीच्या बुटांस धरणाऱ्या खटक्याच्या धर्तीवर नवें पायडल काढलें, आणि पुढच्याच वर्षीं बेर्नार इनो यानें तें वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. पिंजरा गेला, म्हणून नांव क्लिपलेस. 'नाहीं क्लिप ज्यास तें' असा हा बहुव्रीहि. समास निर्दोष, पण अर्थ फसवा. डोंगरी सायकलीस सोयीचें असें पायडल शिमानो या जपानी कंपनीनें १९९० च्या सुमारास एसपीडी या नांवानें आणलें.

सूनबाईंची हरकत साधी होती. "काका, सपाट रस्त्यावर ठीक आहे, पण उतारावर सायकल घसरली आणि पाय सुटलाच नाहीं तर?" पुतण्या हंसून म्हणाला, "काका, घरांत वडील तुम्ही; तुम्हीच निकाल द्या." जागा पाहिल्यावांचून निकाल देणें बरें नव्हे, असें म्हणून मीं एक शनिवार मागून घेतला, व आम्ही सर्व टामालपाइस पर्वताकडे निघालों.

१९३७ सालीं खुला झालेला गोल्डन गेट पूल ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस गेलें कीं मरीन परगणा लागतो. हा डोंगर तेथला. त्याचें नांव ऐकून मला आपला तमालवृक्ष आठवला. परंतु तें तेथील मूळच्या मिवोक लोकांच्या भाषेंतील असून संस्कृताशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. मौज अशी कीं, वाटेच्या कडेस बे-लॉरेलचीं झाडें आहेत, त्यांचें पान चुरगळलें असतां तमालपत्राची आठवण देणारा उग्र वास येतो; आणि दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं! शिखराची उंची सुमारें २,५७० फूट. आपल्या सिंहगडापुढें ती थोडी खरी. पण समुद्र अगदीं पायथ्याशीं असल्यामुळें डोंगर आहे त्याहून मोठा भासतो.

डोंगरी सायकलीचें जन्मस्थान हाच परगणा. येथील फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकलींची शर्यत लावली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ हीं त्या मंडळांतलीं नांवें. उतरतांना मागच्या चाकांतील ब्रेक असा तापे कीं आंतलें वंगण जळून धूर निघे व तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या उताराचें नांवच रिपॅक पडलें. पुतण्या हें सांगत असतां मीं मनांत एक नोंद केली: खटक्याचें पायडल त्या वेळीं बाजारांत आलेंच नव्हतें. म्हणजे हे वीर साध्या पायडलांवर उतरले. साधीं पायडलें असलीं म्हणजे डोंगर चढतां-उतरतां येत नाहीं, हा नातवाचा मुद्दा येथेंच लंगडा झाला.

आम्ही मात्र रिपॅकच्या वाटेस गेलों नाहीं. बापलेक मिल व्हॅली गांवाहून जुन्या रेल्वेमार्गानें चढूं लागले. १८९६ पासून १९३० पर्यंत येथून आगगाडी शिखरानजीक जात असे. तिच्या मार्गांत २८१ वळणें होतीं. आतां रूळ नाहींत, रुंद मातीची वाट तेवढी उरली आहे. सायकलींस ताशीं १५ मैलांची मर्यादा असून वळणावर ती ५ मैलांची आहे. सूनबाई व मी मोटारीनें पॅनटोलपर्यंत गेलों आणि तेथून सुमारें दोन मैल पायीं चालून वेस्ट पॉइंट इन या १९०४ सालच्या विश्रामगृहाशीं त्यांची वाट पाहत बसलों. खालीं सबंध उपसागर पसरलेला होता.

पाऊण तासानें दोघे दिसले. नातू साध्या पायडलांवर पुढें, बाप खटक्याच्या पायडलांवर मागें. इतक्यांत समोरून एक बाई घोडा घेऊन आल्या. नातवानें पाय टेकला व तो उभा राहिला. बापानें ब्रेक दाबला, टांच वळविली, पुन्हां वळविली, पाय सुटेना. मग कापलेल्या झाडासारखा तो सायकलीसकट डोंगराच्या अंगास आडवा झाला. सुदैवें दुसरी बाजू दरीची होती, ही नव्हती. कोपर खरचटलें, एवढ्यावर भागलें. सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या एक शब्दही बोलल्या नाहींत, आणि बोलण्याची गरजही नव्हती.

खटला येथेंच निकालांत निघाला असता. परंतु परीक्षेचे पेपर तपासतांना चुकलेल्या उत्तराचें कारण शोधण्याची मला जन्माची खोड. मीं जोडा उलटा करून पाहिला. क्लीटच्या दोन स्क्रूंपैकीं एक गळून पडला होता. जोडा वळला, पण क्लीट जागच्या जागीं फिरली. मग खटका सुटणार कसा? दोष पायडलाचा नव्हता, स्क्रू न तपासणाऱ्याचा होता. मीं तो जोडा सूनबाईंस दाखविला व नातवासही दाखविला.

परततांना एका सायकलच्या दुकानांत तासभर चौकशी करून मीं निकाल दिला तो असा. चार महिने नातवानें रुंद, खिळ्यांचीं साधीं पायडलें वापरावीं. तोल व ब्रेक हे त्यांवरच पक्के होतात. नंतर खटक्याचीं घ्यावीं, पण भोंवतीं रुंद चौकट असलेलीं. म्हणजे कठीण जागीं खटका न लावतांही पाय टेकतां येतो. अंडें फेटण्याच्या यंत्रासारखें दिसणारें चार बाजूंचें पायडल चिखलांत उत्तम, परंतु सुटलेल्या पायास त्यावर आधार थोडा. तें शिकाऊस नको. जोडे दोन स्क्रूंचे व क्लीट तळाच्या खोबणींत बसणारे असावे; डोंगरांत सायकल ढकलीत चालावें लागतेंच, आणि सडकेवरच्या शर्यतीचे जोडे घालून मनुष्य बदकासारखा चालतो. क्लीट एकाच बाजूनें सुटणारी न घेतां अनेक दिशांनीं सुटणारी घ्यावी. स्प्रिंगचा स्क्रू सर्वांत सैल ठेवावा. पहिला महिना हिरवळीवर काढावा, व प्रत्येक पाय पन्नास वेळां सोडवून दाखवावा. मगच डोंगर.

"आजोबा, धरतें किती घट्ट याची परीक्षाच घेतली नाहीं तुम्ही!" नातू म्हणाला.

"बाळ, धरणारीं पुष्कळ असतात. वेळेवर सोडतें कीं नाहीं, तेंच पाहून घ्यावें."

हें बोलतांना माझी दृष्टि पुतण्याकडे गेली. वीस वर्षांपूर्वीं तो परदेशीं निघाला तेव्हां माझ्या वहिनी आठ दिवस जेवल्या नव्हत्या, आणि तरी त्याची पेटी त्यांनींच भरली होती. तोही कोपरावरची पट्टी चांचपीत गप्प बसला.

मी परत आल्यावर सहा महिन्यांनीं सूनबाईंचा फोन आला. पायडलें आलीं, हिरवळीवरचा महिना पुरा झाला, आणि मुलगा डोंगरावर जाऊन सुखरूप परतला. दर शनिवारीं सकाळीं तो लहान पाना घेऊन बसतो व आपल्या जोड्यांचे स्क्रू तपासतो. "आणि काका," त्या म्हणाल्या, "बापाचेही तोच तपासतो."