ओढा बघून काठी

रविवारची सकाळ, वाराणसी कॅन्टोन्मेंट. ग्राउंडवर मी आणि माझा मुलगा गळाशिवाय दोरी फेकतोय. टोकाला लोकरीचा लाल गोंडा. इथली गंगा एवढी रुंद, की काठीही मोठीच हवी असं वाटू लागतं. वरुणा आणि अस्सी, ज्या दोन लहान प्रवाहांवरून गावाला नाव पडलं म्हणतात, त्यांत आज गळ टाकवत नाही.

मार्चअखेर दहा दिवसांची रजा आहे. कुल्लूत तीर्थनला मिळणाऱ्या नाल्यांवर ट्राउट धरायला जायचंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे बंदी असते. नंतर मत्स्य विभागाचा परवाना काढायचा. त्यानंतर मी फील्डला, तो दहावीत. पुन्हा असे दहा दिवस कधी मिळतील, ठाऊक नाही.

माझी फ्लाय रॉड नऊ फुटी, आठ नंबरची, महसीरसाठी घेतलेली. हीच चालेल, असं मी परस्पर ठरवलं होतं. दहा मिनिटांत पोराने खांदा चोळत ती खाली ठेवली. ‘‘बाबा, हे तुझं खेळणं आहे. तूच जा.’’

लागलं ते. पण त्याचं बरोबर होतं. यात माशीला वजन नसतं. फेकायची ती दोरी, आणि तिच्याच वजनाने काठी वाकते. काठीवरचा नंबर म्हणजे तिला जुळणाऱ्या दोरीचा नंबर. ओढ्यात जेमतेम पंधरा-वीस फूट दोरी बाहेर असते. तेवढ्यावर आठ नंबरची वाकतच नाही, सगळा जोर खांद्यावर येतो. तीन नंबरची, जरा मऊ, लगेच वाकते. डोक्यावर फांद्या असतील तर साडेसात फूट पुरे. पात्र उघडं असेल तर आठ-साडेआठ बरी, दोरी प्रवाहावरून उचलून धरता येते. चार तुकड्यांची घ्यावी, रकसॅकमध्ये मावते.

लांबून बघणारे गोरखा सुभेदारसाब म्हणाले, ‘‘साब, हम तो खोला देखके डंडा काटते हैं.’’ खोला म्हणजे ओढा. मी मात्र स्वप्नातला मासा बघून काठी घेतली होती.

साडेसात फुटी, तीन नंबरची मागवली. परवा पोराने पंधरा फुटांवरच्या स्टीलच्या मगात गोंडा टाकला.

‘‘आता तू,’’ म्हणाला.

माझा चुकला.